सर्पगंधेचे ऋण

रक्तदाबाची गोळी आज घरोघरी आढळते. पण तिच्या इतिहासात आपल्या रानातील एका मुळीचे स्थान मोठे आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ती मुळी सर्पगंधेची. आयुर्वेदाला ती परिचित होती. बिहारकडे वेडावरचे औषध म्हणून ती विकली जाई.

१९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी मन शांत करते व रक्तदाबही उतरवते, असे नोंदवले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातील द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' हे नाव दिले. तरी जगाचे लक्ष वेधले गेले ते १९४९ मध्ये. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी 'रेसर्पिन' हे मुख्य द्रव्य वेगळे केले.

रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा संदेश देणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले असते. रेसर्पिन ही साठवण होऊ देत नाही. साठा सरतो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो.

या उपचाराने प्राण वाचतात काय? १९६७ मध्ये अमेरिकेत १४३ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत २७ गंभीर घटना घडल्या. रेसर्पिनसह तीन औषधे घेणाऱ्यांत अवघ्या दोन. तीव्र उच्च रक्तदाबावर उपचार केलाच पाहिजे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

रेसर्पिनने काही रुग्णांना खिन्नतेने ग्रासल्याच्या तक्रारी आल्या आणि ते मागे पडले. आज अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम रोखते, लोसार्टन अँजिओटेन्सिनचा परिणाम अडवते, तर थायझाइड वर्गातील औषधे मीठपाणी लघवीवाटे बाहेर टाकतात.

'वनस्पतीचे औषध अपाय करीत नाही' हा समज आमच्या पिढीत खोल रुजलेला आहे. सर्पगंधा त्याला छेद देते. मुळीचा गुण पूर्वजांनी ओळखला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण मात्रा मोजली गेली, अपायांची नोंद झाली, तेव्हाच त्या गुणाचे विश्वसनीय औषध झाले. रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून बरे वाटताच गोळी सोडणारे आम्ही अनेक पाहतो. १९६७ चे ते आकडे त्यांच्यासाठीच आहेत.