पोरांची सकाळ कुणाच्या घड्याळावर?

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य साधारण सव्वासातला उगवतो. सकाळच्या सत्राच्या शाळेची घंटा होते सातला. म्हणजे पहिली-दुसरीतलं पोर वर्गात जाऊन बसतं तेव्हा सूर्य वर आलेला नसतो. त्याच्या आधी उठणं, दात घासणं, आंघोळ, वेणी, मोजे, दोन घोट दूध आणि खाली रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. हे सगळं अर्ध्या झोपेत.

यावर घरात, शाळेत, व्हॉट्सॲपवर एकच उत्तर मिळतं. "आम्ही नाही का गेलो? पूर्वीपासून असंच आहे." पूर्वीपासून खरंच असंच होतं का, ते जरा बघू.

1823 साली बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने आपल्या जिल्ह्यातल्या देशी शाळांचा अहवाल लिहिला. बेल्लारी आज कर्नाटकात आहे, पण त्याने मोजलेल्या 533 शाळांत 23 शाळा मराठीच्या होत्या. तो लिहितो, शाळा साधारण सहाला भरते. पहिल्या येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहितात. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना कौतुक ना बोलणी. तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढे प्रत्येकाला एकेक वाढवत.

आपल्याकडच्या पंतोजींची शिस्तही काही मऊ नव्हती. न येणाऱ्या पोराला मोठी मुलं हातपाय धरून उचलून आणत. 'उचलबांगडी' हा शब्द आपण आज बदल्यांच्या बातम्यांत वाचतो, पण त्यातलं चित्र हेच आहे.

म्हणजे लवकरची शाळा जुनीच? हो. पण एक फरक आहे. तेव्हाचे सहा म्हणजे सूर्याचे सहा. शाळा गावातच, बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावर. पोर उजाडलं की उठायचं आणि चालत जायचं. रात्री दिवाबत्ती बेताचीच, त्यामुळे झोपही लवकर. शिवाय या शाळेत बहुतेक मुलगेच असायचे. मुलींसाठी आणि दलित मुलांसाठी दार जवळजवळ बंदच होतं. पुण्यात 1848 साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा कुठे मुलीच्या सकाळीत 'शाळा' हा शब्द यायला सुरुवात झाली.

पुढचा टप्पा सक्तीचा. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते बडोदा संस्थानभर नेलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात ते सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. त्या काळी 1 रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. इतका जोर लावावा लागला, कारण शेतकऱ्याच्या घरात पोराची सकाळ आधीच वाटून गेलेली असे. गुरं सोडायची, पाणी आणायचं, धाकट्याला कडेवर घ्यायचं. शाळेला मूल हवं होतं, पण ते घराच्या कामातून सोडवून घ्यावं लागत होतं.

आता घड्याळाकडे येऊ. 1 जानेवारी 1906 पासून भारताची एकच प्रमाण वेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे होती. मुंबईकरांनी याला जोरदार विरोध केला. गिरणी कामगार भडकले, कारण घड्याळ पुढे केलं की पाळी लवकर सुरू होणार आणि पहाटेची झोप जाणार, हे त्यांना लगेच कळलं. मुंबईत काही ठिकाणी तर जुनी वेळ 1955 पर्यंत पाळली जात होती.

हा हिशोब आपल्या पोरांना लावून बघा. जुन्या मुंबई वेळेने सात वाजायचे तेव्हा आजच्या घड्याळात 7 वाजून 39 मिनिटं झालेली असतात. म्हणजे आजोबा "आम्हीही सातलाच जायचो" म्हणाले आणि त्यांच्या आजोबांनीही तेच म्हटलं असतं, तरी दोघांचे सात एक नव्हेत. शिवाय गडचिरोलीत सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी उगवतो. एकाच राज्यात, एकाच घंटेला, एक मूल उन्हात आणि एक अंधारात. कामगारांनी निदान आरडाओरडा केला. सहा वर्षांचं पोर काय करणार? ते फक्त "अजून पाच मिनिटं" म्हणतं.

या सगळ्या इतिहासात एक उदाहरण मात्र उलटं आहे, आणि ते आपलंच आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. "घरून स्वच्छ होऊन या" असं सांगून त्यांना परत पाठवलं नाही. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं चारायला जात, तर शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. 1975 मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. नाव सगळ्यांनी घेतलं. मुलाच्या दिवसाकडे बघून शाळेची वेळ आणि जागा ठरवायची, हा त्यामागचा विचार मात्र बोर्डी-कोसबाडलाच राहिला.

कारण शहरात वेगळंच घडलं. पट वाढत गेला, खोल्या तेवढ्याच राहिल्या. मग एकाच इमारतीत दोन सत्रं. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. घरं लांब गेली तशी बस आली, आणि एकाच बसला दोन-तीन फेऱ्या मारायच्या म्हणून पहिली फेरी आणखी लवकर. आई-बाबांना आठची लोकल, म्हणून त्यांनाही सकाळचंच सत्र सोयीचं. यात कुणी दुष्ट नाही. प्रत्येकाची अडचण खरी आहे. फक्त सगळ्या अडचणींची बेरीज जाऊन बसली ती सगळ्यात लहान माणसाच्या झोपेवर.

किती झोप लागते? 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. साडेपाचला उठायचं तर नऊ तासांसाठी साडेआठला झोपायला हवं. ज्या घरात बाबाच नऊला परततात, तिथे हे कसं जमायचं?

डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात शाळेच्या वेळा बदलायला सुचवलं. 8 फेब्रुवारी 2024 ला शासनाचा आदेश निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत. निर्णय चांगलाच होता. पण बसवाल्यांनी फेऱ्यांचं गणित मांडलं, दोन सत्रांच्या शाळांनी खोल्यांचं. अडचण असलेल्या शाळांसाठी आदेशातच सवलतीची वाट होती. आपल्या भागात किती शाळांची घंटा खरंच बदलली, ते तुम्हीच मोजा.

2025 च्या उन्हाळ्यात उन्हामुळे प्राथमिक शाळांची वेळ सकाळी 7 ते 11.15 करायला सांगितली गेली. काहींना यात विसंगती दिसली. मला त्यात उलट शहाणपण दिसतं. एप्रिलमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पत्रे तापतात. ऋतू बघून वेळ बदलता येते, हे सरकारने स्वतःच दाखवून दिलं. मग थंडीत का नाही?

आणि पोटाचं काय? सात वाजता निघणारं मूल बऱ्याचदा रिकाम्या पोटी निघतं. घरात कंटाळा म्हणून नाही, तर आईसुद्धा कामाला निघालेली असते म्हणून. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या नाश्त्याचीही शिफारस आहे. तामिळनाडूने 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला. आपल्याकडे खिचडी रुजली, नाश्ता अजून रुजायचा आहे.

इतिहासातून एवढं दिसतं की मुलांची सकाळ कधीच आपोआप ठरली नाही. पंतोजींनी ठरवली, संस्थानिकांनी ठरवली, रेल्वेच्या आणि ऑफिसच्या घड्याळाने ठरवली, बसच्या फेऱ्यांनी ठरवली. माणसांनी ठरवलेली गोष्ट माणसांना बदलता येते. बोर्डीला दोन बायकांनी बदलून दाखवली, तेही हाताशी फार पैसा नसताना.

पुढच्या पालकसभेत गणवेश आणि सहलीच्या वर्गणीबरोबर तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेने नऊच्या आदेशातून सवलत घेतली आहे का, आणि कोणतं कारण देऊन? डिसेंबर-जानेवारीत तरी लहान वर्ग उशिरा भरवता येतील का? आणि पहिल्या तासाआधी मुलांच्या पोटात काहीतरी पडेल अशी सोय होईल का? एकट्याने विचारलं तर "बघू" म्हणतील. वर्गातल्या वीस पालकांनी एकाच दिवशी लेखी विचारलं, तर उत्तर द्यावं लागेल.