कानांवरचे हिरवे डबे

झरी जामणी तालुक्यात धावपट्टी नाही. पण नकाशावर नागपूर आणि हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेघ ओढा, ती मुकुटबनच्या आसपासूनच जाते. वरून जाणाऱ्या त्या आवाजापायी मी रेडिओ दुरुस्ती शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं हँगरमध्ये हेडसेटच्या तुटक्या वायरी सांधण्यात घालवली. आता गावी आलोय. गोंदियाला, धुळ्याला विमान शिकणारी ओळखीची मुलं, कधी नुसत्या हौसेपोटी लायसन्स काढणारा एखादा डॉक्टर किंवा वकील, फोन करून विचारतात, "काका, आवाज मारणारा हेडसेट घ्यायचाय. कोणता घेऊ?" एका वाक्यात मला ते सांगता येत नाही. या वस्तूचा इतिहास कळल्याशिवाय तिची पारख होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे हौशी उड्डाणाला बहर आला तो १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाल्यावर. जे. आर. डी. टाटांनी तिथेच शिकून १० फेब्रुवारी १९२९ला भारतात दिलं गेलेलं पहिलं लायसन्स मिळवलं. ती विमानं उघडी, मॉथ जातीची. शिकवणारा आणि शिकणारा एकामागे एक बसत आणि मधे फक्त एक रबरी नळी. तिच्या एका टोकाला तोंडाशी धरायचं नरसाळं, दुसरं टोक चामडी टोपीत कानापाशी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या शाळेत ती रूढ झाली, म्हणून गॉस्पोर्ट नळी. चामडी टोपी वारा अडवायची. इंजिनाचा आवाज अडवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

नागपूरच्या वाट्याला याहून मोठा आवाज आला. जानेवारी १९४९मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र झालं सोनेगावचं विमानतळ. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री इथे भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. दोन इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडरचं, साधारण १२०० अश्वशक्तीचं. त्या पिढीच्या कानांवर असत ते रेडिओ ऐकण्याचे साधे हेडफोन. त्यांनी आवाज आत आणला, बाहेरचा थोपवला नाही. आमच्याकडे येणारे कितीतरी जुने वैमानिक बोलताना एक कान पुढे करायचे. 'स' आणि 'फ' त्यांना ऐकूच यायचे नाहीत, कारण गोंगाटाने आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज. त्याबद्दल कुणी तक्रारही करत नसे. विमान उडवायचं तर एवढं द्यायचंच, असा समज होता. हा समज मला आजही अस्वस्थ करतो.

१९७५मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड क्लार्क कंपनीने छोट्या विमानांसाठी आवाज रोखणारा हेडसेट आणला. जाड प्लास्टिकचे हिरवे कप, गादी, ओठांशी माइक. आम्ही त्यांना हिरवे डबेच म्हणायचो. त्यातल्या एका प्रसिद्ध मॉडेलचं आवाज रोखण्याचं अधिकृत मानांकन २३ डेसिबल आहे. कडक, दणकट, कुठेही उघडून दुरुस्त होणारे. पण एक दुखणं त्यांनाही सुटलं नाही. सेसना १५२चं इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला चाळीस फेरे होतात. दोन पात्यांचा पंखा, त्यामुळे हवेला ऐंशी फटके. चार सिलिंडर, त्यामुळे स्फोटही ऐंशीच. ही ऐंशी हर्ट्झची घरघर, तिची लहर चार मीटरहून लांब. ती प्लास्टिक आणि फोमला जुमानत नाही. मग वैमानिक रेडिओचा आवाज वाढवतो, आणि कानाचं उरलंसुरलं नुकसान तो वाढवलेला आवाज करतो.

यावरचा उपाय कागदावर जुना. जर्मनीच्या पॉल ल्यूगने १९३०च्या दशकातच उलट लहर सोडून आवाज मारण्याचं पेटंट घेतलं होतं, पण तेवढी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. १९७८मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना विमानातले हेडफोन कानाला लावून अभियंते अमर बोस वैतागले आणि प्रवासातच त्यांनी गणित मांडायला घेतलं. त्यांचे वडील बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांपासून निसटून अमेरिकेला गेलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शाळकरी अमर घरखर्चाला हातभार म्हणून रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओच्या टेबलावरून उठलेल्या मुलाने हे केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९८६मध्ये कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानात त्यांचे प्रायोगिक हेडसेट होते. १९८९मध्ये ते विक्रीला आले.

अशा हेडसेटमध्ये कपाच्या आतला छोटा माइक घरघर ऐकतो, सर्किट तिची उलटी लहर सोडतं. खालच्या पट्टीत हे साधतं, वरच्या पट्टीत सर्किटला वेळच पुरत नाही. तिथे कप आणि गादीच कामाला येते. म्हणून माझी पहिली तपासणी गादीची. चष्म्याच्या जाड काडीने फट पडली की महागडं सर्किटही निम्मं वाया. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घामाने गादी कडक होऊन तडकते. सुटी गादी सहज मिळते का ते आधी विचारा. बॅटरी संपल्यावरही रेडिओ ऐकू आला पाहिजे, तेव्हा ती काढून वापरून बघा. प्लग दोन आहेत की एकच, ते तुमच्या विमानाशी जुळवा. हेलिकॉप्टरचा प्लग वेगळा असतो. आणि स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटत आल्याचा इशारा देणारा भोंगा: सेसनाच्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या भोकाला रुमाल लावून सोबत्याला हवा ओढायला सांगा, आत हेडसेट घालून भोंगा ऐकू येतो का बघा. तो ऐकू आला नाही तर तो हेडसेट घेऊ नका.

दुकानातल्या शांततेत सगळेच चांगले वाटतात. चालू इंजिनामागे तासभर घातल्याशिवाय पैसे देऊ नका. महिन्यातून एखादा तास उडणाऱ्याला नीट बसणारा हिरवा डबा आणि त्याखाली फोमचे बोळे पुरतात. आठवड्याला उडणाऱ्याने लाखाच्या घरातला सर्किटवाला घ्यावा, उधारी न करता जमत असेल तर. आणि घेण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, तिचा कागद जपून ठेवा, दरवर्षी नवा कागद त्याच्याशी ताडून बघा.