लवासात नगरपालिका आहे का? मत नेमकं कुठं द्यायचं, जाणून घ्या

मुळशी : लवासाला सगळे 'शहर' म्हणतात, पण इथं नगरपरिषद नाही. त्यामुळे नगराध्यक्ष, नगरसेवक निवडण्याचा प्रश्नच येत नाही. २००८ मध्ये बांधकाम परवानगीचे अधिकार कंपनीला मिळाले, २०१७ मध्ये ते पीएमआरडीएकडे गेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. गावपातळीवर लोकांनी निवडलेली सत्ता म्हणजे ग्रामपंचायतच.

मत कुठं-कुठं?

• ग्रामपंचायत : सरपंच थेट जनतेतून. पक्षाचं चिन्ह नसतं, लढत पॅनेलची. म्हणूनच निकालानंतर एकाच ग्रामपंचायतीवर दोन-दोन पक्ष दावा सांगतात.
• पंचायत समिती, जिल्हा परिषद : घड्याळ, कमळ, पंजा, मशाल अशी पक्षांची खरी लढत इथं.
• विधानसभा : भोर मतदारसंघ.
• लोकसभा : बारामती.

हे लक्षात ठेवा

पाणी, दिवाबत्ती, गावातले रस्ते याचा जाब सरपंचाला विचारा. 'बांधकाम परवानगी मीच देतो' असं कुणी प्रचारात सांगितलं, तर तो अधिकार पीएमआरडीएचा आहे हे विसरू नका.

गावी आणि पुण्यात, दोन्हीकडं मतदार यादीत नाव ठेवता येत नाही. कामासाठी बाहेर असाल तर निवडणूक लागण्याआधीच नाव तपासा.