साचा एक, दागिने किती?

डहाणू तालुक्यातील वरोर हे किनाऱ्यावरचे गाव मासेमारीसाठी ओळखले जाते. पण वरोर, वाढवण, चिंचणी या पट्ट्यातल्या अनेक घरांत आणखी एक उद्योग चालत आला आहे. तो म्हणजे दागिन्यांसाठी पोलादी साचे कोरण्याचा, अर्थात डायमेकिंगचा. कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरतो. दागिने घडवणारा त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब देतो आणि नक्षी पत्र्यावर उमटते.

साचा एकदा विकला की त्यातून किती दागिने निघाले, हे साचा कोरणाऱ्याला कळत नाही. साचा झिजला आणि तोच ग्राहक पुन्हा आला, तर ही नक्षी चालते असा अंदाज बांधता येतो. पुढे कोणती नक्षी कोरावी, हे मात्र त्याला अशा अंदाजावरच ठरवावे लागते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे गेली चाळीस वर्षे हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की आज्ञावली झिजत नाही. शिवाय ती 'मुक्त' असेल, तर दागिनाच काय, खुद्द साच्याचीही नक्कल कोणालाही करता येते. मग आपले काम कोण वापरतो, हे कर्त्याला कळावे कसे? आणि ते न कळता त्याने उदरनिर्वाह करावा कसा? या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

मोजमाप हरवले

सॉफ्टवेअर खोक्यात घालून विकले जात होते, तोवर मोजणी सोपी होती. जितके परवाने विकले तितके ग्राहक. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, असा त्यांचा आग्रह होता. मुक्त म्हणजे फुकटच, असे नव्हे. स्वतः स्टॉलमन 'ईमॅक्स' ही आज्ञावली चुंबकीय फितीवर भरून १५० डॉलरला पाठवत. पण एक फीत घेणाऱ्याने पुढे शंभर प्रती वाटल्या, तरी त्यावर बंधन नव्हते.

१९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा खुला केला आणि अशा प्रतींना सुमार उरला नाही. आपल्याकडे १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने लिनक्सच्या सीडी वाचकांपर्यंत पोहोचवल्या. एक सीडी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली की ती किती यंत्रांवर चढली, याची नोंद कोठेच राहत नसे.

पहिला उपाय साधा होता. १९९३ साली हाराल्ड आल्वेस्त्रांद यांनी 'लिनक्स काउंटर' सुरू केला. वापरणाऱ्याने स्वतःहून नाव नोंदवायचे आणि आपला क्रमांक घ्यायचा. त्यात अडचण उघड होती. उत्साही मंडळी नाव नोंदवतात, बाकीची नोंदवत नाहीत. वर्गात हात वर करणारे म्हणजे सगळा वर्ग नव्हे, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

न विचारता मिळालेला आकडा

दुसरा उपाय आंतरजालाच्या कार्यपद्धतीतूनच निघाला. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा दूरच्या संगणकावरील 'वेब सर्व्हर' आपल्याला पान पाठवतो. पानाआधी तो काही माहितीच्या ओळी धाडतो आणि त्यांतील एका ओळीत बहुधा त्याचे स्वतःचे नाव असते. ऑगस्ट १९९५ पासून इंग्लंडमधील नेटक्राफ्ट ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांना विचारणा करून ही नावे मोजू लागली. त्याच वर्षी जन्मलेला 'अपाचे' हा मुक्त सर्व्हर एप्रिल १९९६ मध्ये या मोजणीत पहिल्या क्रमांकावर आला.

आता व्यापाराची बाजू पाहा. आयबीएमजवळ स्वतःचा वेब सर्व्हर होता, पण त्याला फारसे वापरकर्ते नव्हते. अपाचेचा वाटा मात्र १९९८ पर्यंत सुमारे निम्मा झाला होता. जून १९९८ मध्ये आयबीएमने आपल्या 'वेबस्फिअर' या उत्पादनात अपाचे घेण्याचे आणि त्याच्या विकासाला हातभार लावण्याचे जाहीर केले. सर्व्हर मुक्तच राहिला. त्याच्यावर उभारायच्या प्रणाली आणि सेवा कंपनी विकू लागली. लोक काय वापरतात हे पाहून एवढ्या मोठ्या कंपनीने आपली दिशा बदलली, म्हणून या घटनेला महत्त्व आहे.

तिसरा मार्ग डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या स्वयंसेवकांनी काढला. 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाची छोटी आज्ञावली, संमती दिली असेल तरच, यंत्रावर कोणती पॅकेजेस आहेत आणि कोणती खरोखर वापरात आहेत याची यादी दर आठवड्याला पाठवते. संमती दिली नाही, तर काहीच जात नाही. या आकड्यांचा एक उपयोग फार व्यावहारिक होता. सगळी पॅकेजेस एका सीडीवर मावत नसत. मग पहिल्या सीडीवर कोणती ठेवायची, हे ठरवताना हे आकडे कामी येत.

मुंबईचे उदाहरण

आपल्याकडचे उदाहरण मुंबईतील 'फ्रॅपे' या कंपनीचे आहे. संस्थापक रुषभ मेहता हे अभियंता. घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी माल, खरेदी, हिशेब, पगार यांची नोंद एकत्र ठेवणारी प्रणाली त्यांना हवी होती. अशा प्रणालीला ईआरपी म्हणतात. बाजारातल्या तयार प्रणाली लहान उद्योगांना महाग आणि अवजड पडतात. त्यांनी स्वतःच ती लिहायला घेतली. २००८ साली 'वेब नोट्स टेक्नॉलॉजीज' या नावाने कंपनी सुरू झाली आणि पुढे 'ईआरपीनेक्स्ट' ही प्रणाली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली.

प्रणाली मुक्त असताना कंपनी कमावते कशावर? जो उद्योजक ती स्वतःच्या संगणकावर बसवतो, त्याच्याकडून परवान्याचे पैसे मिळत नाहीत. पण यंत्राची देखभाल, नव्या आवृत्त्या आणि हिशेबाच्या माहितीची राखण हे सगळे कोणीतरी करायला हवे असते. ती सेवा, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर प्रणाली चालवून देणे आणि अडचणीत मदत करणे, कंपनी विकते. साहजिकच कोणता भाग लोक रोज वापरतात, कोठे अडतात आणि मध्येच सोडून देतात, हे कळण्याला मोल येते. प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, सुधारणेसाठी वापराची माहिती पाठवू द्यावी का, असा पर्याय वापरणाऱ्यापुढे ठेवलेला असतो.

आकडे वाचावे कसे?

समजा, एक मुक्त प्रणाली १००० वेळा डाउनलोड झाली. त्यांतल्या ४०० यंत्रांवर ती बसवली गेली, महिन्यानंतर १०० यंत्रांवर चालू राहिली आणि ५ जणांनी पैसे देऊन मदत घेतली. १००० हा आकडा जाहिरातीत शोभेल, पण धंद्याला उपयोगी प्रश्न दुसरेच आहेत. ४०० चे १०० का झाले? बसवताना अडचण आली, की माहितीपत्रक समजले नाही? या गळतीचे कारण सापडले, तर नवे ग्राहक न शोधताही व्यवसाय वाढतो.

डाउनलोडचा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. एका डाउनलोडमधून गावभर प्रती जाऊ शकतात. उलट, चाचण्या घेणारी स्वयंचलित यंत्रे तीच आज्ञावली दिवसातून अनेकदा उतरवतात आणि त्यांच्यामागे माणूस नसतो.

संमतीचा प्रश्न

मोजणी आणि पाळत यांत अंतर थोडे असते. 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या मुक्त आज्ञावलीत २०२१ साली नव्या मालकांनी वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव ठेवला. वापरकर्त्यांनी जोरदार विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. २०२३ साली गूगलच्या 'गो' या संगणकभाषेबाबत असाच वाद झाला. नकार दिला नाही तर माहिती पाठवली जाईल, अशी मूळ योजना होती. ती बदलून, होकार दिला तरच पाठवली जाईल, असे ठरले. मोजले जाणारे तेच आणि आज्ञावलीही तीच, पण वापरणाऱ्याचे गप्प राहणे नकार मानायचे की होकार, एवढ्यावर विश्वास टिकला. भारतातही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट आणि समजून दिलेली असावी, असा दंडक घातला आहे.

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. जो मोजला जात नाही, त्याची गरजही कोणाला दिसत नाही. वरोरसारख्या गावातल्या शाळेत जुन्या संगणकावर, आंतरजालाशिवाय, मराठीतून एखादी मुक्त आज्ञावली चालत असेल, तर कोणत्याही आकड्यात ती येणार नाही. जुन्या यंत्रांचा आधार चालू ठेवावा का, मराठी भाषांतर पूर्ण करावे का, हे ठरवणाऱ्यांच्या लेखी ती शाळा नाहीच. म्हणून मुक्त आज्ञावली वापरणाऱ्या शाळांनी कर्त्यांना चार ओळी लिहून कळवावे. त्यांना हवी असलेली नोंद पाळत न ठेवता मिळण्याचा याहून साधा मार्ग नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. वाचनालयातील वीस पुस्तके नोंदवहीशिवाय महिनाभर खुली ठेवा. प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवा आणि वाचणाऱ्याची इच्छा असल्यास त्याने तिच्यावर, नाव न लिहिता, एक रेघ ओढावी असे सांगा. महिन्याअखेरी रेघा मोजा आणि विद्यार्थ्यांना विचारा: कोणती पुस्तके आणखी आणावीत? आणि ज्या पुस्तकात एकही रेघ नाही, ते कोणीच वाचले नाही असे म्हणता येईल का?