पिंटरच्या 'बिट्रेयल'मध्ये नेमकं कोण कुणाला फसवतं?

हॅरॉल्ड पिंटर यांचं हे नाटक १९७८ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. एमाचं सात वर्षं प्रेमप्रकरण चालतं ते नवऱ्याच्या, म्हणजे रॉबर्टच्या, जिवलग मित्राशी. जेरीशी. गोष्ट बरीचशी उलटी सरकते: १९७७ मधून १९६८ कडे. त्यामुळे पात्रं काय लपवतायत, हे आपल्याला आधीच माहीत असतं.

व्हेनिसमध्ये १९७३ साली एमा नवऱ्याला कबुली देते. नंतर रॉबर्ट जेरीसोबत जेवायला बसतो, पण त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. राग निघतो तो आधुनिक कादंबऱ्यांवर! (साहेब स्वतः प्रकाशक आहेत.) मित्राला सगळं माहीत होतं, हे जेरीला कळतं चार वर्षांनी. आणि फसवलं गेल्यासारखा हादरतो तो जेरीच.