अस्तातील शुक्र आणि दिल्लीचे आकाश

पंचांगात शुक्राचा अस्त लागला की आपल्याकडे विवाहाचे मुहूर्त थांबतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. हा अस्त दोन प्रकारचा असतो. शुक्र सूर्याच्या पलीकडून जात असला तर तो सुमारे दोन महिने दिसत नाही. पृथ्वी व सूर्य यांच्या मधून जात असला तर जेमतेम आठ-दहा दिवसांतच तो पहाटे पूर्वेस पुन्हा उगवतो. या दुसऱ्या अस्तात अगदी क्वचित असे घडते की, जो ग्रह नाहीसा झाला असे आपण समजतो, तो भर दिवसा सूर्यबिंबावरून काळ्या टिकलीसारखा सरकत असतो. ज्योतिषशास्त्रात यास अधिक्रमण म्हणतात.

शुक्र दर ५८४ दिवसांनी आपल्या व सूर्याच्या मधून जातो. मग अधिक्रमण दर वेळी का होत नाही? त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ३.४ अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुधा सूर्यबिंबाच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांची पातळ्या जेथे छेदतात, तेथे पृथ्वी जून व डिसेंबरच्या पूर्वार्धात येते. त्याच सुमारास शुक्रही तेथे असेल तरच योग जुळतो. हल्लीच्या युगात हे योग आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात, आणि मग १०५ किंवा १२१ वर्षांहून अधिक काळ काही नाही.

असा एक योग ६ जून १७६१ रोजी आला. १७६१ हे वर्ष मराठी माणसास, त्यातून पानिपतापासून अवघ्या काही तासांच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हां दिल्लीकरांस, वेगळे सांगावे लागत नाही. संक्रांतीच्या त्या युद्धास पाच महिने लोटले नव्हते. अब्दाली मार्चमध्ये परत फिरला होता, दिल्लीचा कारभार नजीबखानाच्या हाती होता, आणि पुण्यात नानासाहेब पेशवे आयुष्याचे शेवटचे दिवस मोजीत होते. २३ जूनला पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. आजच्या गणिताने पाहता त्या दिवशी दिल्लीत सकाळी सातच्या सुमारास शुक्र सूर्यबिंबास लागला व दुपारी पावणेदोनच्या सुमारास सुटला. म्हणजे साडेसहा तासांचा संपूर्ण सोहळा या शहराच्या डोक्यावर चालला होता. शुक्राचे बिंब अशा वेळी सूर्याच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढे असते. काजळी धरलेल्या काचेतून ते दुर्बिणीवाचूनही दिसले असते.

आणि दिल्लीत वेधशाळाही उभी होती! सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास बांधलेले जंतरमंतर आजही कनॉट प्लेसच्या जवळ आहे. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून त्याने चुन्या-दगडाची प्रचंड यंत्रे उभारली. येथील सम्राट यंत्र सुमारे ७० फूट उंच आहे. जयसिंहास दुर्बीण ठाऊक नव्हती हा समज मात्र खरा नाही. बादशहाच्या नावाने सिद्ध केलेल्या ‘झीज-ए-मुहंमदशाही’ या त्याच्या ग्रंथात गुरूचे चार चंद्र, शुक्राच्या कला व सूर्यावरील डाग यांचा उल्लेख आहे. त्याने पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठविले. ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके मिळविली. ती वेधाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक असल्याचे निःसंकोचपणे नोंदविले. असा राजा हयात असता तर? पण जयसिंह १७४३ सालीच वारला होता.

आमच्या मते मात्र उणीव यंत्रांची नव्हती, किंवा केवळ शांततेचीही नव्हती. सूर्यबिंबाची त्रिज्या पाव अंश. शुक्राच्या गणितात अर्ध्या अंशाची चूक असली की कागदावरचा शुक्र बिंबाबाहेरूनच निघून जातो, आणि मग त्या दिवशी सूर्याकडे कोणी का पाहावे? अधिक्रमण पाहण्यास आधी ते कोष्टकात दिसावे लागते. केप्लरने १६२७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांमुळेच १६३१ साली पॅरिसमध्ये गासेंदीस बुधाचे अधिक्रमण दिसू शकले. १६३९ साली इंग्लंडात हॉरॉक्स या तरुणाने ती कोष्टके स्वतः सुधारली, आणि शुक्राचे अधिक्रमण पाहणाऱ्या दोघांत तो एक ठरला. दुसरा त्याचा मित्र क्रॅबट्री. शेकर्ली नावाचा इंग्रज तर १६५१ साली बुधाचे अधिक्रमण पाहण्यासाठी आपल्या सुरतेस होता, कारण गणिताप्रमाणे त्या वेळी इंग्लंडात रात्र होती.

युरोपीयांनी एवढा अट्टाहास का केला, याचे कारण हॅलेच्या १७१६ च्या निबंधात आहे. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून पाहिले असता शुक्र सूर्यबिंबावरून किंचित निराळ्या रेषांनी जाताना दिसतो, आणि त्यास लागणारा वेळही निराळा भरतो. घड्याळाने हा फरक मोजला की सूर्याचे अंतर काढता येते, आणि ते मिळाले की सर्व ग्रहमालेचे माप हाती येते. म्हणून १७६१ साली जगभर माणसे पाठविली गेली. त्यांत ल जांतील हा फ्रेंच गृहस्थ पाँडिचेरीस निघाला होता. पानिपतच्या संग्रामानंतर एक-दोन दिवसांतच पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली! बिचाऱ्याने ६ जूनचे अधिक्रमण हलत्या जहाजावरून पाहिले, त्यामुळे मोजमाप व्यर्थ. पुढच्या योगासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. १७६९ साली पाँडिचेरीत वेधशाळा सज्ज करून बसला, आणि नेमक्या त्या सकाळी आभाळ भरून आले. मायदेशी परतला तेव्हा वारसांनी त्यास मृत समजून मालमत्तेची वाटणी चालविली होती.

बिंबास बिंब लागताना शुक्राचा ठिपका थेंबासारखा लांबतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या वेळांतही अंतर पडे. तरीही या दोन अधिक्रमणांवरून एन्केने १८२४ साली सूर्याचे अंतर काढले, ते सुमारे १५ कोटी ३० लाख किलोमीटर. खरे अंतर १४ कोटी ९६ लाख. चूक अवघी अडीच टक्के!

पुढचा योग ९ डिसेंबर १८७४ चा. या वेळी दिल्लीच्या उत्तरेस रुडकीला कर्नल टेनंट व मसुरीला हेनेसी वेध घेत होते. त्या निमित्ताने सूर्याची छायाचित्रे काढण्याचे जे तंत्र येथे आले, त्यातून १८७८ पासून डेहराडूनला सूर्याची नित्य छायाचित्रे घेणे सुरू झाले. पण आम्हांस अधिक कौतुक वाटते ते ओरिसातील सामंत चंद्रशेखर यांचे. दुर्बिणीवाचून, स्वतः बनविलेल्या साधनांनी वेध घेणाऱ्या या पंडिताच्या ‘सिद्धान्तदर्पण’ ग्रंथात शुक्रामुळे घडलेल्या त्या सूर्यग्रहणाचा निर्देश आहे. मद्रासच्या वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी तर लोकांस आधीच समजावे म्हणून पुस्तिका लिहिली व ती उर्दू, कानडी अशा देशी भाषांतही आणविली. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० सालीच मराठीत सिद्ध केली होती. जयसिंहाच्या दिल्लीत जे नव्हते ते हेच.

दिल्लीवरून संपूर्ण अधिक्रमण पुन्हा गेले ते ८ जून २००४ रोजी, सकाळी पावणेअकराच्या सुमारापासून सायंकाळी पाचच्या थोडे आधीपर्यंत. ६ जून २०१२ रोजी सूर्य उगवला तोच शुक्राची टिकली लेवून. या काळात तीन मूर्ती येथील नेहरू तारांगणाच्या डॉ. एन. रत्नाश्री यांनी विद्यार्थ्यांकडून जंतरमंतरच्या यंत्रांवर प्रत्यक्ष वेध घेवविले. २०२१ साली त्या निवर्तल्या. सूर्याचे अंतर मोजण्यास आता अधिक्रमणाची गरज उरलेली नाही. १९६१ पासून ते काम रडारने झाले. पण दूरच्या ताऱ्यांसमोरून त्यांचे ग्रह जाताना प्रकाश किंचित मंदावतो, या एकाच खुणेवरून हजारो परग्रह सापडले आहेत. युक्ती तीच, सूर्य तेवढे बदलले.

शुक्राचा पुढचा योग ११ डिसेंबर २११७ चा. तो आपल्या पणतवंडांसाठी. बुध मात्र इतका कृपण नाही. शनिवार, १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास तो सूर्यबिंबास लागेल व साडेचारनंतर सुटेल. दिल्लीतून आरंभापासून अखेरपर्यंत सारे दिसावे, नोव्हेंबरातील धुराने कृपा केली तर. बुधाचे बिंब फार लहान असल्यामुळे ग्रहणाचा चष्मा पुरणार नाही. लहान दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडावी. दुर्बिणीस डोळा मात्र कोणीही लावू नये, आणि मुले जवळ असता तिच्यापाशी एका मोठ्या माणसाने सतत उभे राहावे.