आधी हात, मग वही

स्मरणिकेसाठी आपल्या शिकण्या-शिकवण्याच्या पद्धतींविषयी लिहा, असे समितीने सांगितले. मी याच क्षेत्रात पाठ्यनिर्देशिका म्हणून निवृत्त झाले, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे. आजच्या मुलींच्या तोंडी सिम्युलेशन, ओस्की, टीच-बॅक असे शब्द सहज असतात. हे सगळे आत्ताच आले, असे त्यांना वाटते. खरे तर यातल्या बऱ्याच गोष्टी जुन्या आहेत, आणि त्यांचे एक मूळ आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे. ते सांगावे, आणि त्याच्या आधारे आपल्या बॅचच्या एका राहून गेलेल्या गोष्टीचीही नोंद करावी, म्हणून हा लेख.

सुरुवात डमीपासून करते. प्रॅक्टिकल हॉलमधल्या त्या डमीला आपण किती वेळा स्पंज बाथ दिला, किती वेळा तिची चादर बदलली, आठवते ना? कोपरा नीट दुमडला नाही की सिस्टर अख्खा बेड उलगडून टाकायच्या. या डमीची मूळ आजी अमेरिकेतली. हार्टफर्डच्या रुग्णालयातील परिचारिका विद्यालयाने १९११ मध्ये मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी मोठी बाहुली करून घेतली. ती ‘मिसेस चेस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. विद्यार्थिनीची पहिली चूक जिवंत माणसाच्या अंगावर होऊ नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. आजची श्वास घेणारी, नाडी लागणारी महागडी डमी त्याच विचाराची नात आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झाली. परिचारिकेचे काम शिकून करायचे काम आहे, हे तिथून जगाने मान्य केले. आपल्या देशात मात्र शिकलेल्या परिचारिका फारच थोड्या होत्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण दिले आहे. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि अभ्यासक्रमाला देशभर एक शिस्त आली. पण हात कमी आणि रुग्ण जास्त, ही स्थिती राहिलीच. त्यामुळे विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डातली कामाची माणसे, असेच गणित अनेक ठिकाणी चालले. नाइट करून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी मुलगी काय शिकत असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेने जे ठरवले त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, शिक्षण हाताच्या कामाभोवती उभे राहावे. दुसरी, शिक्षण मातृभाषेतून द्यावे. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला, आणि आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात नई तालीम प्रत्यक्ष चालवून दाखवली. मूल सूत काततानाच गणित शिके, बागेत काम करतानाच विज्ञान शिके. आधी हात, मग वही.

ही शाळा लहान मुलांसाठी होती, परिचारिकांसाठी नव्हे. पण रुग्णसेवा त्याच गावात रोज डोळ्यांसमोर चालू होती. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासून आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुटी बांधली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. त्याआधी, १९३६ मध्ये, मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम सुरू केले होते. १९३९ मध्ये तरुण डॉ. सुशीला नायर सेवाग्रामला आल्या आणि नेमकी कॉलऱ्याची साथ आली. ती त्यांनी जवळजवळ एकटीने हाताळली. कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ सेवाग्रामात स्त्रिया आणि बालकांसाठी छोटे रुग्णालय उभे राहिले. त्याचेच आजचे कस्तुरबा रुग्णालय झाले. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आले. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तिन्ही गोष्टी एकत्र करण्याची त्यांची रीत पुढे देशभर गेली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुशीलाबहेनांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे डॉक्टर होणाऱ्या मुलांनाही आधी आश्रमात राहून झाडू हातात घ्यावा लागतो, सूत कातावे लागते, आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते.

आपल्या शाळेतली खेड्यातली पोस्टिंग याच हवेत वाढली. ती काळी बॅग आठवा. कोणाच्याही घरी गेले की आधी वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. आणलेले सामान तिथल्या वस्तूंना लागू द्यायचे नाही. पुस्तकात निर्जंतुकीकरणावर कितीतरी पाने होती, पण माझ्या डोक्यात ते शिरले एका मातीच्या ओसरीवर, कापूस वेचणीच्या दिवसांत. घरात एकटी आजी आणि सुईण झालेली सून होती. आजी म्हणाली, “सिस्टरबाई, लेकरू दूधच नाई पेऊन रायलं.” मी धडाधड पाच सूचना दिल्या. आमच्या सिस्टर बाजूला उभ्या होत्या. त्या आजीला म्हणाल्या, “आजी, या पोरीनं काय सांगितलं ते मले सांगा बरं.” आजीला त्यातली एकच सूचना सांगता आली. परतताना सिस्टर मला एवढेच म्हणाल्या, “चार सूचना तुझ्याजवळच राहिल्या.” यालाच आज टीच-बॅक म्हणतात. ऐकणाऱ्याने परत सांगेपर्यंत सांगणाऱ्याचे काम पुरे झालेले नसते.

आता ती राहून गेलेली गोष्ट. आपल्या बॅचमध्ये आष्टीकडची एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, ओळखणाऱ्या ओळखतील. तिचा हात आपल्या सगळ्यांपेक्षा हलका होता. रडणारे मूल तिच्याकडे दिले की गप्प व्हायचे. शीर सापडत नसली की आपण तिलाच बोलवायचो. पण पुस्तके इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी, आणि ती दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकलेली. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसली. आपण बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. मी तिला म्हटले होते, “पुढच्या वर्षी ये गं परत.” ती काही बोलली नाही.

पुढे मी स्वतः शिकवू लागले, तेव्हा वर्ध्याच्या त्या दोन दिवसांच्या परिषदेविषयी वाचले, आणि ही मुलगी डोळ्यांसमोर आली. आपण त्यातला हात घेतला होता, मातृभाषा मात्र वाटेतच सोडली होती. जिचा हात तयार होता, तिला आपण वहीसाठी घरी पाठवले.

असे होऊ नये यासाठी काय करता येते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय बंग हे सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले. त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे काम उभे केले. बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटभरात श्वास मोजावे लागतात. गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. म्हणून त्यांनी दाईला दोष न देता मोजण्याचे साधनच बदलले. मण्यांची ओळ आणि मिनिटाची वाळूची घड्याळी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया समजायचा. पुढे थोडे शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज आशाताई देशभर करतात ते घरभेटीचे काम त्याच वाटेने आले आहे.

यातून मी वर्गात तीन गोष्टी धरल्या. कोणतीही प्रक्रिया मुलींनी आधी आपल्या बोलीत एकमेकींना समजावून सांगायची, मग इंग्रजीत लिहायची. इंग्रजीत कच्ची आणि हाताने पक्की, अशा मुलीची जोडी उलट्या मुलीशी लावायची, म्हणजे दोघींनाही एकमेकींची गरज पडते. आणि प्रात्यक्षिक परीक्षा ठरलेल्या टप्प्यांवर, ठरलेल्या गुणयादीने घ्यायची. ही ओस्कीची रीत स्कॉटलंडमधल्या डंडी येथे डॉ. हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडली. तिच्यात परीक्षकाच्या मर्जीला जागा कमी उरते, आणि हलक्या हाताला त्याचे गुण मिळतात. यातले काहीही खर्चाचे नव्हते. सगळ्या मुली पास झाल्या असे मी म्हणणार नाही. पण भाषेमुळे पेटी भरणाऱ्या मुलीला आधी थांबवून, तिच्याशी बोलण्याइतका धीर मला आला.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या बॅचची यादी छापली जाणार आहे. ती उत्तीर्ण झालेल्यांची आहे. कोणी मुंबईत परिसेविका, कोणी आखातात, कोणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, सगळ्यांचा अभिमान आहे. माझी समितीला विनंती आहे की, आपल्याबरोबर सुरू करून मध्येच गेलेल्यांची नावेही त्या यादीत घ्यावीत आणि संमेलनाचे निमंत्रण त्यांनाही जावे. आष्टीकडच्या मैत्रिणीचा पत्ता मी शोधते आहे. मिळाला तर निमंत्रण पोस्टाने न पाठवता मी स्वतः जाऊन देईन.